आकडा आलेले घर

"आप्पांना आकड्यांत कधीच रस नव्हता, त्यांना रस होता तो माणसांत. पाहणीचा फॉर्म हे त्यांच्या दृष्टीने कोणाच्याही ओट्यावर बसण्याचे निमित्त होते. याच निमित्ताने ते नऊ वर्षे अबोला धरलेल्या धाकट्या भावाच्या दारात गेले, आणि प्रश्न बाजूला राहून दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले."

आप्पा म्हणजे निंबा सोनवणे. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी गोडादऱ्याच्या मंडळींनी जी पुस्तिका काढली, तिच्या चौथ्या पानावर हा मजकूर आहे. लिहिणारा माझ्याच हाताखाली शिकलेला असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. या तीन वाक्यांतले एकही खरे नाही. माझ्या घरातले म्हणतात, "जाऊ द्या ना बाबा, चांगलंच लिहिलंय त्यांच्याबद्दल." चांगले लिहिले आहे, हीच तर माझी तक्रार आहे. निंदा असती तर मी एवढा वेळ घालवला नसता. तिचा समाचार इतरांनी घेतला असता.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या हेतूबद्दल कोणाला संशय राहणार नाही. हा मजकूर खरा ठरला तर त्यात फायदा माझा आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, सुरतेतील ज्या संशोधन संस्थेने गोडादऱ्याच्या यंत्रमाग कामगारांची पाहणी केली, तिच्या सांख्यिकी विभागाचा मी प्रमुख होतो. सोनवणे हे माझ्या हाताखालचे क्षेत्र-अन्वेषक. म्हणजे दारोदार जाऊन फॉर्म भरणारे. त्यांना आकड्यांत रस नव्हता असे एकदा ठरले की त्या पाहणीतले जे काही नाव घेण्याजोगे निघाले ते सगळे आपोआप माझे होऊन जाते. मला ते नको आहे. दुसऱ्याची वस्तू भेट म्हणून स्वीकारावी इतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

सोनवणे मूळचे खानदेशातल्या शिरपूरकडचे. अकरा-बारा वर्षे त्यांनी माग चालवला होता. त्या खडखडाटाने डाव्या कानाचे ऐकणे मंदावले, म्हणून ते नेहमी उजवा कान समोरच्याकडे करून बसत आणि गरजेपेक्षा मोठ्याने बोलत. लोकांनी त्या बसण्याला जिव्हाळा म्हटले आणि त्या आवाजाला मोकळा स्वभाव. वस्तुतः मी पाहिलेल्या माणसांत त्यांच्याइतका बंद स्वभावाचा माणूस दुसरा नाही. पाच वर्षांत त्यांनी मला स्वतःबद्दल जे सांगितले ते एका पोस्टकार्डावर मावेल.

फॉर्म भरताना ते मान हलवीत नसत. उत्तरदात्याने काहीही सांगितले, अगदी "काल आमची म्हैस मेली" असे सांगितले, तरी चेहरा तसाच. नव्या मुलांना शिकवताना मी एकदा मागे उभा राहून ऐकले. ते सांगत होते, "मान हलवली की पुढचं उत्तर तिकडंच झुकतं. माणूस आपल्याला खूश करायला बघतो. त्याला सुगावा लागू द्यायचा नाही." मी ज्या विद्यापीठात सुवर्णपदक मिळवले तेथे हीच गोष्ट मला अर्धे सत्र खर्चून शिकवण्यात आली होती, आणि या गृहस्थाने ती कोणाकडून न शिकता तीन वाक्यांत सांगितली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. माझ्या व्याख्यानात त्यांच्या वह्या बंद असत.

मत्सर हा शब्द मी टाळणार नाही. पुस्तिकेत सर्वांनी 'स्नेह', 'आदर', 'ऋण' असे शब्द वाटून घेतले आहेत. उरलेला मी घेतो.

आता पाहणी कशी होती ते थोडक्यात सांगितले पाहिजे, एरवी पुढचे कळणार नाही. वस्तीतल्या प्रत्येक दारावर गेरूने क्रमांक घातला होता. यादृच्छिक आकड्यांचे एक छापील पुस्तक असते; त्यातून क्रमांक काढायचे, आणि ज्या घराचा आकडा आला त्याच घरी जायचे. ओळखीचे, सोयीचे, चहा देणारे, गोड बोलणारे घर निवडायचे नाही. निवड आपल्या हातात राहिली की आपण स्वतःलाच मोजत बसतो. साऱ्या पद्धतीचा कणा एवढाच.

गल्लीच्या तोंडाशी अनुसयाबाई नावाची वृद्ध विधवा एकटी राहत असे. दुपारी सोनवणे तिच्याकडे भाकरी खात. आजूबाजूच्या घरांत फॉर्मवाले येतात, तासभर बसतात, आणि आपल्याकडे कोणी फिरकत नाही, हे तिच्या मनाला लागले होते. एकदा मी तेथे असताना तिने ताट पुढे सरकवले आणि हात कमरेवर ठेवले.

"मन्हा हातनी भाकर चालस तुले, आन् मी चालत नही?"

"आजी, तुमना आकडा नही उना."

"आकडा कोन काढस? तूच ना?"

"पुस्तक काढस."

"मंग त्या पुस्तकले सांग, आठे एक म्हतारी शे!"

येथेही एक म्हातारी आहे, हे तिचे म्हणणे. सोनवण्यांनी भाकरी संपवली, ताट धुऊन पालथे घातले आणि आकडा आलेल्या घराकडे निघाले. 'माणसांत रस असलेल्या' माणसाने काय केले असते? तिचा एक फॉर्म भरला असता आणि मागाहून फाडून टाकला असता. म्हातारीचा जीव शांत झाला असता. मी स्वतः तसे सुचवलेही. त्यावर त्यांनी मला विचारले, "मग साहेब, फाडताना तिनं सांगितलेलं खोटं कोणी ठरवायचं?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

दुसरी गोष्ट कुलपांची. आकडा आलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचे घर घ्यावे, अशी सवलत मीच दिली होती. अहवालाची मुदत जवळ आली होती, संचालक दर सोमवारी फॉर्मांच्या गठ्ठ्याची उंची पाहत. सर्वांनी आनंदाने सवलत घेतली. एक दिवस सोनवणे माझ्या टेबलाशी आले आणि बंद घरांची यादी पुढे ठेवली.

"साहेब, कुलपं कुठंही पडलेली नाहीत."

"म्हणजे काय?"

"बाई घरी असते तिथं दार उघडं. बाई पण कामाला जाते तिथं कुलूप. साड्यांचे धागे कापायला, लेस लावायला कारखान्यात जातात त्या. आपण कुलूप सोडून शेजारी बसलो की आपल्या कागदावर सगळ्या बाया घरीच बसलेल्या दिसणार."

मी म्हणालो, "सोनवणे, एवढ्यानं काही फरक पडत नाही."

"मोजून बघू?"

हे दोन शब्द मला आजही टोचतात. त्यांचा सूर उद्धट नव्हता. टोचतात याचे कारण ते माझे असायला हवे होते. पगार मला त्याच दोन शब्दांसाठी मिळत होता.

मग कारखान्यांच्या सुट्टीच्या वारी, सकाळी पाणी येण्याच्या वेळी, सणाच्या आदल्या दिवशी, असे जमेल तेव्हा हे गृहस्थ सायकलवरून त्या बंद दारांशी जात राहिले. एका घरी सात वेळा गेले. पुस्तिकेत एका बाईंनी लिहिले आहे की आप्पा त्या घरी 'ओढीने' पुन्हा पुन्हा जात. त्या घरचा मनुष्य भांडखोर होता आणि सोनवण्यांना तो मुळीच आवडत नसे. हे त्यांनी स्वतः मला सांगितले, जे फार दुर्मीळ. ते सात वेळा गेले कारण आकडा त्या घराचा आला होता. दुसरे कारण नाही.

त्या घरांचे फॉर्म आल्यावर स्त्रियांच्या कामाविषयीचा माझा तक्ता उलटा झाला. पहिला तक्ता मी संचालकांना आधीच दाखवून बसलो होतो. नवा केला, निमूटपणे. पुढे चर्चासत्रात तोच सर्वांत गाजला. दिल्लीहून आलेल्या एका प्राध्यापिकेने तो नीट पाहिला आणि विचारले, "ताले वाले घरों में कौन गया था?" मी हाताने मागची रांग दाखवली. चहाच्या वेळी त्या आपला कप घेऊन थेट मागे गेल्या आणि सोनवण्यांशी बोलत उभ्या राहिल्या. पुढचे सत्र सुरू होईपर्यंत. सोनवण्यांनी उजवा कान पुढे केला होता. मी माझ्या कागदांजवळ होतो. माझ्या तक्त्याबद्दल त्या बाईंनी जे म्हटले ते मला पाठ आहे: "बहुत साफ़ है." साफ! जणू मी तो पुसून काढला होता.

छापील अहवालात सोनवण्यांचे नाव कोठे आहे, असे कोणी शोधू नये. कोठेही नाही. 'क्षेत्रीय कर्मचारी' असा एक शब्द शेवटच्या पानावर आहे. मसुदा मी तयार केला होता. अहवाल हाती आल्यावर सोनवण्यांनी तो घरी नेला, दोन दिवसांनी परत आणला आणि म्हणाले, "साहेब, नवव्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत बेरीज एकानं चुकली आहे." शेवटचे पान त्यांनी पाहिले होते की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. त्या चेहऱ्यावरून कोणालाच कधी काही कळले नाही. बेरीज मात्र खरोखरच चुकलेली होती.

आता त्या भावाकडे येतो.

रतन हा धाकटा भाऊ. त्याच वस्तीत, चार गल्ल्या पलीकडे राहणारा, रात्रपाळीचा कामगार. दोघांत नऊ वर्षे बोलणे नव्हते एवढे सत्य आहे. का नव्हते, याची पुस्तिकेत तीन कारणे तीन लेखांत आली आहेत. मला कारण ठाऊक नाही, कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ज्यांना ठाऊक आहे असे ते म्हणतात, त्यांनी आधी आपसांत एक कारण ठरवावे.

रतनच्या घराचा आकडा आला. नात्यातल्या घरी दुसऱ्याने जायचे, या संकेताप्रमाणे ते घर एका गुजराती मुलाकडे दिले. तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा रतनने त्याला उंबऱ्यावरूनच हाकलले. मी म्हणालो, "नकार लिहून टाका, संपलं."

सोनवणे म्हणाले, "तीन झाले नाहीत, साहेब."

मार्गदर्शिकेत मीच लिहिले होते: नकार हा तीन भेटींनंतर, आणि तिसऱ्या वेळी दुसऱ्या माणसाने विचारल्यावरच नकार म्हणून नोंदवावा. असली कलमे मार्गदर्शिकेला भारदस्तपणा यावा म्हणून घालायची असतात. ती कोणी पाळील अशी माझी कल्पना नव्हती. त्या आठवड्यात बाकीच्या मुलांची मुदत संपलेली, वस्तीत काम करणारा अन्वेषक एकच उरलेला. "आणि अन्वेषक नात्यातला असेल तर पर्यवेक्षकानं हजर राहायचं," ते म्हणाले, "तेही तुम्हीच लिहिलंय." म्हणून मी गेलो. म्हणून मी त्या खोलीत होतो, आणि पुस्तिकेचा लेखक नव्हता.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. रतन दारात तोंड धूत होता. भावाला पाहून त्याने तोंडातले पाणी थुंकले.

"तू आठे कसाले उना?"

सोनवण्यांनी फॉर्मच्या माथ्यावरचा मजकूर वाचला, शब्दाला शब्द, जसा ते प्रत्येक दारात वाचीत. "नमस्कार. आम्ही वस्तीच्या पाहणीसाठी आलो आहोत. तुम्हाला काही प्रश्न विचारायचे आहेत. उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगू शकता."

रतनने माझ्याकडे पाहिले. "साहेब, याले काय व्हयनं?" मग तो हसला, चांगले हसणे नव्हते ते. "विचार. ये, बठ. विचार तू."

आम्ही आत बसलो. सोनवण्यांनी उजवा कान भावाकडे केला.

"तुमचं नाव?"

"मन्हं नाव तुले माहीत नही? मन्हा बारसाले तू पेढा खायेल ना!"

"तुमचं नाव?" तोच सूर, तीच पट्टी.

"रतन."

"वडिलांचं नाव?"

"तेबी इसरी गया का?" पण त्याने सांगितले, आणि सोनवण्यांनी आपल्याच वडिलांचे नाव लिहून घेतले.

पुढे गाव, शिक्षण, पाळी, मागांची संख्या, खोलीत किती माणसे, पाणी कोठून. स्त्रियांच्या कामाचा भाग आला. तो घरच्या बाईलाच विचारायचा, असा नियम. रतनची बायको पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. थोरल्या दिराशी बोलायचे नाही ही खानदेशातली रीत. सोनवणे तिला विचारीत, ती मला उत्तर देई, मी ते उत्तर मोठ्याने म्हणे, आणि मगच ते लिहीत. तीन हातांवर बसलेल्या दोन माणसांमध्ये मी मराठीचे मराठीत भाषांतर करीत होतो. एकदा ती म्हणाली, "साहेब, त्यास्ले सांगा, आईकाले उनं व्हई." ऐकू तर आलेच असेल, असे तिचे म्हणणे. मी सांगितले. सोनवणे म्हणाले, "नियम आहे." भिंतीकडून हसू आल्यासारखे मला वाटले. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला होता. तो तसाच राहिला. फॉर्म पुरा होईपर्यंत उत्तरदात्याच्या घरचे काही घेऊ नये, हेही माझेच कलम.

स्थलांतराचा भाग सर्वांत शेवटी होता. त्यातला अखेरचा प्रश्न असा: सुरतेत तुमची सख्खी नाती किती? आई, वडील, भाऊ, बहीण, जे असतील ते.

सोनवण्यांनी तो विचारला.

रतनने उत्तर देण्याआधी बराच वेळ भावाकडे पाहिले. आतापर्यंतचा फणकारा उतरला होता. बाईने भिंतीकडचे तोंड थोडे वळवले. मला वाटले, आता. पुस्तिकेचा लेखक तेथे असता तर त्यालाही हेच वाटले असते, आणि म्हणून पुढचे त्याने मनाने लिहून टाकले.

"लिख," रतन म्हणाला. "कोनीच नही."

अनपेक्षित उत्तर आले तर प्रश्न एकदा, फक्त एकदा, त्याच शब्दांत पुन्हा विचारायचा असतो. सोनवण्यांनी तो विचारला. आवाज नेहमीसारखाच होता, गरजेपेक्षा मोठा.

"कोनीच नही. आते लिख ना."

त्यांनी लिहिले. "धन्यवाद," असे म्हणाले. उठले. तांब्यातले पाणी आता घेता आले असते. त्यांनी घेतले नाही. आम्ही बाहेर आलो. कोणी कोणाच्या गळ्यात पडले नाही, कोणी रडले नाही. पुढे कधी ते दोघे बोलले असतील, नसतील. ते मला माहीत नाही आणि त्याबद्दल मी काही म्हणत नाही. आता दोघेही नाहीत, आणि ती खोलीही नाही. उत्तरे गुप्त राहतील असे वचन आम्ही दारोदार देत असू. ते मी आज मोडतो आहे. सोनवण्यांनी मला याबद्दल क्षमा केली नसती.

गल्लीच्या कोपऱ्यावर ते थांबले, सायकल मांडीला टेकवली आणि एकही रकाना रिकामा राहिला नाही ना, हे पानापानावरून बोट फिरवून पाहू लागले. हे ते नेहमीच करीत. मग फॉर्म माझ्या सहीसाठी पुढे केला. मी तो रकाना पाहिला. मी म्हणालो, "सोनवणे, हे बदला. तुम्ही आहात ना? ही वस्तुस्थिती आहे. येथे एक पाहिजे."

"साहेब, प्रश्न त्याला होता."

"पण उत्तर खोटं आहे!"

"ते तुम्ही तक्ता करताना बघा," ते म्हणाले. "माझ्या हातून बदलणार नाही."

त्यांच्या जागी मी असतो तर बदलले असते. बदलून त्याला अचूकता म्हटले असते, आणि त्या अचूकतेवर मला झोपही चांगली लागली असती. माझ्या मत्सराचे मूळ शोधायचे तर ते दिल्लीच्या बाईंपाशी सापडणार नाही, त्या कोपऱ्यावर सापडेल. मी सही केली. ते सायकलवर बसले आणि पुढच्या घराकडे गेले. त्या दिवसाची अजून दोन घरे बाकी होती. त्यांची पाठ मला दिसत होती. त्या पाठीवरून काही वाचता येईल अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी ती लिहावी; मला काही वाचता आले नाही.

संस्थेने जुने फॉर्म रद्दीत काढले तेव्हा एक गठ्ठा मी घरी आणला. पुस्तिकेच्या लेखकाला, आणि ज्याला ज्याला निंबा सोनवणे यांना आकड्यांत रस नव्हता असे वाटते त्या प्रत्येकाला, माझ्या घरी येऊन तो पाहण्याचे निमंत्रण आहे. रतन सोनवणे यांच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर, सुरतेतील सख्ख्या नात्यांच्या रकान्यात, शून्य आहे. आणि ते त्याच्या सख्ख्या भावाच्या हाताचे आहे.